गौतमीचा ताप

साहेब, पोरगी तुमच्यासमोर खाटेवर होती आणि तिची माय पुष्पलता खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तुम्ही सोबतच्या शिकाऊ डॉक्टरांशी बोललात, सिस्टरशी बोललात, खिडकी उघडी का म्हणून वॉर्डबॉयवर खेकसलात. मायशी बोलला नाहीत. हा माझा तुमच्यावर आरोप आहे आणि तो मी आधीच मांडून ठेवतो, म्हणजे पुढं कोणी असं म्हणायला नको की गोष्ट सांगता सांगता लेखक घसरला.

पेनाचं टोक गौतमीकडे करून तुम्ही इंग्रजीत सांगायला लागलात. चांगलंच सांगत असणार. शिकाऊ पोरं माना हलवत होती. एका मुलीनं काहीतरी विचारलं, त्यावर तुम्ही हसलात. पुष्पलता तुमच्या तोंडाकडे पाहत होती. मरणाऱ्या पोरीपाशी डॉक्टर हसत नसेल, एवढं तिनं ताडलं आणि तेवढ्या आधारावर धीर करून विचारलं, “साहेब, काय झालं होतं हिले?”

“ताप होता. उतरला आता. घरी न्या,” तुम्ही म्हणालात आणि पुढच्या खाटेकडे वळलात.

ती मागं मागं आली. पोरीला तापात आलेल्या झटक्याचं विचारायला लागली. पुन्हा ताप आला की आणा, एवढं तुम्ही मान न वळवता सांगितलंत. सिस्टरनं पुष्पलताचा दंड धरून तिला बाजूला केलं, कारण राऊंड चालू होता.

इथपर्यंत तुमची गोष्ट. पुढची तिची.

पुष्पलता त्याच दवाखान्यात कामाला होती. मागच्या इमारतीत, प्रायव्हेट खोल्यांत, रोजंदारीवर आया. खोल्या पुसायच्या, भांडी उचलायची, चादरी धोब्याकडे मोजून द्यायच्या. त्या दिवशी ती घरच्या लुगड्यात होती म्हणून कोणी ओळखलं नाही. आयाच्या निळ्या लुगड्यात असती तरी ओळखलं असतं असं नाही. निळ्या लुगड्याच्या वर चेहरा असतो, हे त्या इमारतीत फार लोकांना ठाऊक नव्हतं.

राहायला ती इंदोऱ्याच्या वस्तीत. नवरा लहानू गांधीबागेच्या बाजारात हमाल, कापडाच्या गाठी ठेल्यावर घालून दुकानोदुकानी पोचवणारा. घरात सासू जिजाबाई आणि दोन वर्षांची गौतमी. झालं होतं असं की उन्हाळ्यात पोरीला ताप भरला. जिजाबाईंनी घाम निघावा म्हणून तिला गोधडीत गुंडाळून, वर आपला शेला टाकून मांडीवर घेतलं. पोरगी लाल होत गेली. मग एकदम तिचे डोळे वर गेले, जबडा आवळला, हातपाय ताडताड उडायला लागले, ओठ निळे पडले. जिजाबाईंनी दातात चमचा घातला. समोरचा दुधाचा दात तुटला आणि रक्त आलं. रक्त पाहून लहानूला वाटलं, पोर गेली. त्यानं तिला उचललं, सायकल रिक्षात टाकलं आणि सगळ्या रस्त्यानं तो रिक्षावाल्याला शिव्या देत राहिला. बिचारा रिक्षावाला उभा राहून पायडल मारत होता. दवाखान्यात पोचेपर्यंत झटका कधीच थांबला होता. पोरगी झोपली होती. पण लहानूच्या छातीतली धडधड काही थांबली नाही.

ती थांबायला औषध नको होतं, चार वाक्यं हवी होती. ती कोणाजवळ होती ते मी वर सांगितलंच आहे.

घरी आल्यावर भीती घरात राहायला आली. पुष्पलता भाकरी थापता थापता उठायची आणि हाताच्या पाठीनं पोरीचं कपाळ पाहायची. पीठ लागलेलं कपाळ घेऊन गौतमी हिंडायची. शिंकली की दार बंद. उन्हात नाही, पाण्यात नाही, पोरांत नाही. लहानू भर बाजारातून ठेला कोणाच्या तरी हवाली करून धावत घरी यायचा, दारातून डोकावायचा, पोरगी खेळताना दिसली की आल्या पावली परत जायचा. सोबतचे हमाल त्याला हसायचे. “काबे लहान्या, घरी दूध उतू जाऊन राहिलं का?” असं विचारायचे. तो हसून वेळ मारून न्यायचा. काय सांगणार? पोरीला काय झालंय हे त्यालाच माहीत नव्हतं.

ज्याला नाव नाही त्याला वस्ती नाव देते. शेजारच्या कांताबाईंनी दिलं, मिरगी, म्हणजे फेफरं. वाईट मनानं दिलं नाही. पण नाव फिरलं. बाया आपली पोरं गौतमीपासून उचलून न्यायला लागल्या. नळावर कोणीतरी म्हणालं की पोरीची जात, पुढं लग्नाचं कसं व्हायचं. पोरगी दोन वर्षांची आणि बाया तिच्या लग्नापर्यंत पोचल्या. पुष्पलता हंडा अर्धाच भरून घरी आली.

दिवाळीनंतर दुसरा झटका आला. तसाच, तापात. ह्या वेळी लहानूनं दवाखान्याकडे पाय वळवले नाहीत. जाऊन काय करायचं? ‘ताप आला की आणा.’ आणलं की ते हसणार, लिहून घेणार आणि परत घरी धाडणार. त्या रिक्षाभर जीव मुठीत धरण्यापेक्षा तो म्हणाला, महाल मोहल्ल्याच्या पलीकडे एक भगत आहे, त्याला दाखवू.

जिजाबाई उसळल्या. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्या त्याच दिवशी ह्या बाईनं देव्हारा टोपलीत घालून नागनदीत सोडला होता. घरातल्या पुरुषांचे हात थरथरत होते, हिचे थरथरले नाहीत. “म्या देव नदीत सोडले ते काय भगताच्या दारी उचलाले?” त्या लेकाला म्हणाल्या. “तुले जायचं असन तं जाय. पोट्टी माह्यापाशी राहीन.”

लहानूनं भगताचं नाव सोडलं. तेव्हा कांताबाईंनी उमरेडच्या धोंडबाचं नाव काढलं.

“थो देवाचं नाव बी घेत नाही, जिजाबाई. ना अंगारा, ना नारळ. लोखंड तापवते न पोटाले लावते. जुनं औषध होय थे.”

जिजाबाई विचारात पडल्या. मंत्र म्हणतो का, नवस सांगतो का, शुक्रवार-अमावस्या पाहतो का, असं त्यांनी खोदून खोदून विचारलं. कांताबाई प्रत्येकाला नाही म्हणाल्या. तेव्हा जिजाबाईंचं समाधान झालं. देव नाही, तर मग ते औषधच.

इथं माझं डोकं फिरतं. भगताकडे गेले असते तर त्यानं चिमूटभर राख कपाळाला लावली असती आणि ती धुऊन गेली असती. पण ही माणसं खोट्याला सोडून आली होती. राखेवरचा विश्वास त्यांनी मोठ्या हिमतीनं टाकला होता. त्या रिकाम्या जागी खरं ज्ञान येऊन बसायला हवं होतं. ते ज्यांच्या ताब्यात होतं ते इंग्रजीत बोलत पुढच्या खाटेकडे गेले. म्हणून त्या जागी तापलेलं लोखंड येऊन बसलं.

उमरेडची एस.टी. पकडून नवरा-बायको पोरीला घेऊन गेले. धोंडबा म्हातारा, सभ्य माणूस. त्यानं आधी पाणी दिलं. बाजेवर घोंगडी टाकली. पोरीला गुळाचा खडा दिला. ती गूळ चोखत असतानाच त्यानं चुलीतून सळई काढली. लहानूनं हात धरले. पाय मायनं धरायचे, असं धोंडबा म्हणाला, मायच्या हातात पोर कमी तडफडतं. पुष्पलतानं पाय धरले. बेंबीच्या भोवती चार डाग. गौतमीच्या तोंडातला गूळ बाहेर पडला आणि मातीत गेला. पुष्पलताला पुढं कित्येक दिवस पोरीच्या किंकाळीआधी तो मातीतला गूळच आठवायचा.

निघताना धोंडबानं सांगितलं, पुन्हा आकडी आली तर घेऊन या, मग कपाळावर डाग द्यावा लागेल.

डाग चिघळले. खोबरेल लावून लावून ते बरे झाले. पण चुलीजवळून कोणी चिमटा उचलला की गौतमी खाटेखाली जायची आणि भिंतीला चिकटून बसायची. मायनं हाक मारली तर येत नसे. आजीनं मारली तरी येत नसे. बापानं खाली वाकून हात पुढं केला की त्या हाताकडे पाहून रडायची. आपले हात पोरीला नकोसे झालेत हे लहानूनं कोणाला सांगितलं नाही, पण तो जेवताना तिच्याकडे पाठ करून बसायला लागला.

आणि मग फाल्गुनात प्रायव्हेट खोलीत महाल मोहल्ल्यातले एक वकील, मुकुंदराव, आपल्या मुलाला घेऊन दाखल झाले. बायको सुहासिनीबाई रडून रडून थकलेल्या. पुष्पलता खोली पुसायला आत गेली तेव्हा वॉर्डातले तेच डॉक्टर खुर्ची ओढून पलंगाजवळ बसले होते. सोबत कोणी नव्हतं. सुहासिनीबाई सांगत होत्या की ताप चढला, डोळे पांढरे झाले, हातपाय उडाले, ओठ निळे पडले. पुष्पलताचा हात बादलीत तसाच राहिला. ही बाई गौतमीचं सांगत होती.

डॉक्टर मराठीत बोलत होते. सावकाश, समजावून. लहान मुलांना जोराचा ताप आला की काहींना असे झटके येतात, म्हणाले. ही मिरगी नव्हे. ह्यानं मेंदू बिघडत नाही. मूल पाच-सहा वर्षांचं झालं की बहुतेक आपोआप थांबतात. पुन्हा आलं तर कुशीवर निजवायचं, तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, अंगावरचं पांघरूण काढायचं. दोन-चार मिनिटांत थांबतं. नाही थांबलं तर घेऊन यायचं. आणि थांबलं तरी ताप कशाचा ते एकदा दाखवायचं.

मग ते सुहासिनीबाईंना म्हणाले, “तुमची काही चूक झालेली नाही. पहिल्यांदा पाहिलं की आईबापांना मूल गेलंच असं वाटतं. प्रत्येकाला वाटतं.”

पुष्पलता पोछा फिरवत त्यांच्या खुर्चीपाशी आली. बोलता बोलता डॉक्टरांनी दोन्ही पाय वर उचलले, खालची फरशी तिनं पुसली आणि त्यांनी पाय खाली ठेवले. खाली पाहिलं नाही. भला माणूस. वकिलीणबाईंना बोलायला त्यानं अख्खा चहा निवू दिला.

बाहेर व्हरांड्यात येऊन पुष्पलता पायरीवर बसली. आधी तिला हलकं वाटलं. पोरगी मरत नाही. पोरीला मिरगी नाही. मग तिचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं. ज्या हातांनी पाय धरले होते ते हात ओले होते. आणि तिनं बादली लाथाडली. दुसरी आया, यमुताई, धावत आली आणि काय झालं म्हणून विचारायला लागली. पुष्पलता एवढंच म्हणाली, पाणी घाण झालं होतं.

घरी तिनं सगळं शब्दाला शब्द सांगितलं. वाटलं होतं, ऐकून दोघं सुटतील. लहानू म्हणाला, वकिलाच्या पोराचं वेगळं असेल, आपलं वेगळं. जिजाबाई सुपारी कातरत म्हणाल्या, “बड्या लोकायचे झटके बी बडे राहतेत वं. त्यायच्या पोट्ट्याले ताप येते, आपल्या पोट्टीले मिरगी येते.” आणि हसल्या. पुष्पलताला हसू आलं नाही. इतक्या महिन्यांच्या भीतीला, दुसऱ्याला सांगितलेल्या चार वाक्यांनी कसं हटवायचं? तीच वाक्यं डॉक्टरनं लहानूला खुर्चीवर बसवून सांगितली असती तर त्यानं मान डोलवली असती. बायकोनं फरशी पुसताना ऐकलेलं ज्ञान म्हणजे उष्टं ज्ञान, त्याच्यावर नवरा पोरीचा जीव टाकेल कसा?

पुढच्याच रविवारी बाजार बंद, लहानू घरी. दुपारी गौतमीला ताप भरला. पुष्पलतानं झबलं काढलं, ओल्या फडक्यानं अंग पुसत बसली. जिजाबाई गोधडी घेऊन आल्या, तिनं ती कोपऱ्यात भिरकावली. सासूसमोर असं तिनं कधी केलं नव्हतं. आणि तेवढ्यात पोरीचे डोळे फिरले.

जिजाबाईंच्या हातात चमचा आलाच होता. पुष्पलतानं तो हिसकला आणि दाराबाहेर फेकला. पोरीला कुशीवर वळवलं, गळ्यातली मण्यांची माळ सैल केली आणि हात मागं घेतले.

“धर तिले,” लहानू ओरडला.

“धराचं नाही.”

“पोट्टी मरून राहिली अन तू पाहून राहिली?”

“हाव, पाहून राहिली. तू बी पाह्य. हात लावशीन तं माह्याशी गाठ आहे.”

तो पोरीला उचलायला वाकला. उमरेडची गाडी मिळेल, धोंडबाकडे नेऊ, असं काहीतरी बडबडत होता. पुष्पलता दोघांच्या मधे आडवी झाली. ऐकलेलं खोटं निघालं तर? डॉक्टर त्या बाईची नुसती समजूत काढत असला तर? वकिलाच्या पोराचं खरंच वेगळं असलं तर ह्या घरात पोर मारणारी म्हणून तिचंच नाव राहणार होतं. तिला हे सगळं त्या वेळी सुचत होतं आणि समोर पोरीचे हात उडत होते. न धरणं हे धरण्यापेक्षा जड असतं, हे ज्यानं केलं त्यालाच कळेल.

मग हात थांबले. पाय थांबले. गौतमीनं खोल श्वास घेतला, चादरीत मुतली आणि झोपली. ओठांवर रंग आला. तोंडातून थोडी लाळ आली, रक्त नाही.

लहानू खाली बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरून रडायला लागला. पुष्पलता ओली चादर ओढून घेत होती. जिजाबाई पुढं आल्या. उघड्या पोरीच्या पोटावरून त्यांनी बोट फिरवलं. एका डागावरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर.

“वं पुष्पे,” त्या म्हणाल्या, “आपोआपच थांबते तं मंग हे कसाले केलं वं आपण?”

देव नदीत सोडताना न थरथरलेली ती बाई. उत्तर कोणाकडे मागायचं ते पुष्पलताला ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी ती निळं लुगडं नेसून, गौतमीला कडेवर घेऊन प्रायव्हेट खोल्यांसमोरच्या व्हरांड्यात उभी राहिली. यमुताईनं तिला हळूच समजावलं की बाई, रोजंदारी आहे, उद्या येऊ नको म्हणतील. पुष्पलतानं ऐकलं आणि तिथंच उभी राहिली. डॉक्टर आले. मागं शिकाऊ पोरं होती.

“साहेब, हिले काल तापात झटका आला. थांबला. कुशीवर निजवलं होतं. ताप कसाचा थे पाहा,” ती म्हणाली आणि पोरीचं झबलं वर केलं.

डॉक्टर थबकले. डाग पाहून त्यांचा चेहरा लाल झाला. कोणी केलं हे, म्हणून त्यांनी विचारलं. तू आई आहेस की कोण आहेस, म्हणाले. दवाखान्यात काम करतेस आणि असले अघोरी प्रकार करतेस, तुम्हा लोकांना कधी अक्कल येणार. राग खरा होता, पोरीच्या कळवळ्याचा होता, म्हणून तर तो जास्त लागला. मग ते शिकाऊ पोरांकडे वळले आणि गौतमीच्या पोटाकडे बोट करून इंग्रजीत सांगायला लागले.

“मराठीत बोला, साहेब,” पुष्पलता म्हणाली.

सिस्टर पुढं आली, डॉक्टरांनी तिला हातानंच थांबवलं. त्यांनी पुष्पलताकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच.

“तेव्हाच आमच्याकडे आणायला हवं होतं,” ते थोडे खाली येऊन म्हणाले. “डाग द्यायच्या आधी.”

“आणलं होतं.”

“कधी?” डॉक्टरांनी विचारलं.

“गेल्या उन्हाळ्यात आणलं होतं. ह्याच दवाखान्यात, पोरायच्या वॉर्डात. तुमीच होते. ह्या लेकरायले सारं सांगतलं तुमी. वकिलाच्या बाईले बी सांगतलं, मी तुमच्या पायाखाली पोछा मारून राहिली होती. पाय मीच धरले हिचे, साहेब. त्याचं पाप मी कोणावर टाकत नाही. पण पहिल्याच दिवशी तुमाले मालूम होतं, ही मरत नाही म्हणून. मी समोर उभी होती. मले काहून नाही सांगतलं? तुमाले काय वाटलं, मले समजलं नसतं, का मले भेव वाटत नसन? सांगा. ह्या साऱ्यायसमोर, मराठीत सांगा.”